एका महिन्याचे युद्ध, पाच वर्षांची आणीबाणी

सन १९६२ ची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली. पेढ्यांवर नव्या वह्या येऊन पडल्या होत्या, वीर निर्वाण संवत २४८९ चा प्रारंभ व्हायचा होता. परंतु त्या वर्षी गादीवर बसणाऱ्यांचे लक्ष वह्यांपेक्षा वृत्तपत्रांकडे अधिक होते. २० ऑक्टोबरला चिनी सैन्याने लडाख आणि नेफा या दोन्ही आघाड्यांवर हल्ला केला होता. ऐन वहीपूजनाच्या तोंडावर, २६ ऑक्टोबरला, राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी राज्यघटनेच्या ३५२ व्या कलमाखाली आणीबाणीची उद्घोषणा केली. स्वतंत्र भारतातील ही पहिली आणीबाणी होय.

युद्ध फार काळ चालले नाही. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली आणि तोफा थांबल्या. आणीबाणी मात्र १० जानेवारी १९६८ ला उठली. एका महिन्याच्या लढाईसाठी आणलेले निर्बंध पाच वर्षे आणि अडीच महिने टिकले. या अवधीत पंडित नेहरू गेले, लालबहादूर शास्त्री आले आणि गेले, इंदिरा गांधी सत्तेवर आल्या. पाकिस्तानशी एक युद्ध होऊन गेले, ताश्कंदचा करार झाला, आणि १९६७ ची सार्वत्रिक निवडणूकही आणीबाणी चालू असतानाच पार पडली.

१९७५ च्या आणीबाणीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ही पहिली आणीबाणी त्या मानाने विस्मृतीत गेली. आपल्या व्यापारी घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना ती ‘आणीबाणी’ म्हणून आठवतही नाही. ‘चौदा कॅरेट’ असे म्हटले की मात्र पटकन ध्यानात येते. हे दोन शब्द कोणत्या कायद्याच्या पोटातून निघाले आणि त्याच कायद्याने त्याच काळात आणखी कोणाकोणाच्या दारावर थाप मारली, ते एकत्र ठेवून पाहण्याजोगे आहे.

प्रथम यंत्रणा समजून घेऊ. ‘नागरी स्वातंत्र्य’ हा शब्द कानी पडला की आपल्याला सभा, मोर्चे, वृत्तपत्रे आठवतात. दुकानदाराचा त्याच्याशी काय संबंध, असे मनात येते. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने या दोहोंत असा भेद केलेला नाही. भाषण, सभा, संघटना, देशभर संचार आणि वास्तव्य यांच्याच पंक्तीत तेथे कोणताही व्यवसाय, व्यापार वा धंदा करण्याचे स्वातंत्र्य बसलेले आहे. आणि १९६२ साली मालमत्ता संपादन करण्याचे व बाळगण्याचे स्वातंत्र्यही तेथेच होते. आणीबाणी पुकारली की ३५८ व्या कलमान्वये शासनावरील १९ व्या कलमाचे बंधन आपोआप सुटत असे. त्यासाठी वेगळा हुकूम काढावा लागत नसे, कोणते स्वातंत्र्य राखायचे आणि कोणते थांबवायचे याची निवडही करावी लागत नसे. मुंबईतील संपादकाचा लेख आणि झवेरी बाजारातील सराफाची पेढी या दोन्हींवरचे छत्र २६ ऑक्टोबरला एकाच सहीने उडाले.

त्यापुढची पायरी ३५९ व्या कलमाची. मूलभूत हक्कांच्या रक्षणासाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार राष्ट्रपती त्याखाली स्थगित करू शकतात. ३ नोव्हेंबरला तसा आदेश निघाला. भारत संरक्षण कायद्याखाली ज्याला पकडले, त्याला जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे २१ वे कलम आणि अटकेसंबंधीचे २२ वे कलम पुढे करून न्याय मागता येईनासा झाला. पुढे समानतेचे १४ वे कलमही त्या यादीत गेले. हक्क कागदावर राहिला, परंतु तो बजावून घेण्यासाठी जावे तर न्यायालयाचे दार बंद. भारत संरक्षण नियमांतील ३० व्या नियमान्वये शासनाची खात्री झाली की एखाद्या माणसाला खटल्यावाचून स्थानबद्ध करता येई. ‘खात्री’ कशावरून झाली, हे त्या माणसाला सांगण्याचे बंधन नव्हते.

या कायद्याचे नावही आपण घडवलेले नव्हते. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात १९१५ साली आणि दुसऱ्या महायुद्धात १९३९ साली याच नावाचा कायदा हिंदुस्थानावर लादला होता. दुसऱ्या महायुद्धातील कायद्याच्या एका नियमाखाली झालेल्या अटकेला मुंबईचे केशव तळपदे यांनी आव्हान दिले आणि १९४३ च्या एप्रिलमध्ये फेडरल कोर्टाने तो नियमच अवैध ठरवला. सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढून ती फट बुजवली. त्या कायद्याने ज्यांना कोठड्या दाखवल्या, त्यांच्यातीलच कित्येक जण १९६२ साली संसदेत बसून त्याच नावाच्या कायद्याला मत देत होते, ही गोष्ट नोंदवून पुढे जाऊ.

त्यांना सरसकट दोष देण्याचा हेतू नाही. सीमेवर माणसे मरत असताना शासनाच्या हाती जादा अधिकार असावे लागतात, हे कोणीही समंजस माणूस मान्य करील. त्या दिवसांतले वातावरण खरोखरच त्यागाचे होते. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे लोक अभिमानाने म्हणाले. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी गावोगाव सभा झाल्या आणि बायकांनी अंगावरच्या बांगड्या, पाटल्या उतरवून दिल्या. देणाऱ्याच्या मनात शंका नव्हती आणि ती असण्याचे कारणही नव्हते.

नोव्हेंबरात लोकांनी सोने आपण होऊन दिले. जानेवारीत त्याच सोन्यासाठी शासनाचा हुकूम आला.

९ जानेवारी १९६३ रोजी अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण जाहीर केले. ते संसदेत रीतसर चर्चा होऊन मंजूर झालेल्या कायद्याने आले नाही. भारत संरक्षण नियमांतच एक नवा भाग घालण्यात आला. त्या दिवशी शस्त्रसंधीला सात आठवडे होत आले होते. दागिने वगळता जवळ असलेले सोने, म्हणजे लगडी, नाणी वगैरे, जाहीर करायचे. सराफाने परवाना घ्यायचा. आणि यापुढे घडणारा कोणताही दागिना चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचा असायचा नाही. चौदा कॅरेट म्हणजे शंभर भागांत सुमारे अठ्ठावन्न भाग सोने, उरलेले तांबे, चांदी इत्यादी मिश्रण.

या धोरणामागे अर्थशास्त्र होते, हे मान्य केले पाहिजे. देशातील सोन्याचा भाव आंतरराष्ट्रीय भावाच्या जवळजवळ दुप्पट होता. त्या फरकापायी चोरटी आयात चाले आणि परकीय चलन गळत राही. शस्त्रे विकत घ्यायची तर ते चलन हवे. मोरारजीभाईंच्या हेतूविषयी त्यांच्या विरोधकांनीही फारशी शंका घेतली नाही. परंतु अर्थशास्त्रातील ‘सुवर्णाची मागणी’ आणि घरातले सोने यांत अंतर आहे. बाईच्या नावावर शेत नसे, दुकान नसे, बँकेत खाते नसे. संकटकाळी तिच्या हाताशी असे ते अंगावरचे सोने. शेतकऱ्याचे बी-बियाणे, दुकानदाराचा हंगामातला माल, मुलाचे शिक्षण, सगळे सराफाकडे दागिना ठेवून उभे राही. आणि त्या दागिन्याचा कस बावनकशी आहे, या विश्वासावर ते उभे राही. चौदा कॅरेटचे मंगळसूत्र कोणी मागेना आणि बावीस कॅरेटचे घडवायला कायदा परवानगी देईना.

सराफाकडे निदान भांडवल होते. तो धंदा बदलू शकत होता, पुष्कळांनी बदललाही. मरण ओढवले ते कारागिराचे. हलक्या कसाचे सोने कठीण असते, त्याचे डाग देणे वेगळे, त्याची झिलई वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या मऊ सोन्यावर बसलेला हात त्यावर चालेना. चालला तरी गिऱ्हाईक येईना. देशभर लक्षावधी कुटुंबे या हातकामावर जगत होती. त्या वर्षी सुवर्णकारांनी मोर्चे काढले, सत्याग्रह केले, आणि काहींनी जीव दिल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. अटके-सुटकेचा गाजावाजा नाही, साखळदंड नाहीत. एक नियम राजपत्रात छापला गेला आणि भट्ट्या थंडावल्या. नागरी स्वातंत्र्याच्या इतिहासात या भट्ट्यांचा उल्लेख क्वचित सापडतो. तो असायला हवा होता, असे या लेखकास वाटते.

प्रश्न असा, की सराफ आणि सुवर्णकार न्यायालयात का गेले नाहीत? धंद्याचे स्वातंत्र्य घटनेत लिहिलेले असताना निर्बंध वाजवी आहे की नाही, हे न्यायाधीशांकडून तपासून घेता आले असते. उत्तर वर येऊन गेले आहे. ज्या कलमावर बोट ठेवून ते तपासायचे, ते १९ वे कलम आणीबाणीने बाजूस सारले होते. नियम वाजवी होता की अवाजवी, हा प्रश्नच विचारता येत नव्हता.

थोडी सवलत मिळाली ती लोकांच्या रेट्याने. ऑगस्ट १९६३ मध्ये कामराज योजनेखाली मोरारजीभाई मंत्रिमंडळातून बाहेर पडले, त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले आणि सप्टेंबरात गिऱ्हाइकाच्या जुन्या दागिन्यांतून अधिक कसाचे दागिने घडवण्यास मुभा मिळाली. १९६६ साली चौदा कॅरेटची अट गेली. तोवर कित्येक कारागीर हातोडी ठेवून अन्य कामाला लागले होते.

आणीबाणी उठल्यावर, १९६८ साली, संसदेने सुवर्ण नियंत्रण कायदा केला. आता १९ वे कलम परत जागेवर आले होते, म्हणून सराफ मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली. हा खटला कायद्याच्या पुस्तकांत हरकचंद रतनचंद बांठिया विरुद्ध भारत सरकार या नावाने नमूद आहे. १९६९ साली त्याचा निकाल लागला. न्यायालयाने कायदा समूळ रद्द केला नाही. सोन्याच्या व्यापारावर नियंत्रण ठेवण्याचा संसदेचा अधिकार मान्य केला. परंतु त्यातील अनेक कलमे अवाजवी म्हणून छाटली. परवाना द्यायचा की नाही हे ठरवताना अधिकाऱ्याने परिसरातील ‘संभाव्य मागणी’, अर्जदाराची ‘योग्यता’, ‘लोकहित’ असल्या मोघम गोष्टी पाहाव्यात, ही तरतूद त्यांत होती. सोने विकायला येणाऱ्याच्या ओळखीची खातरजमा करण्याचे ओझे सराफावर टाकणारी तरतूदही त्यांत होती. तेच शासन, तोच धंदा, जवळपास तसेच निर्बंध. १९६३ मध्ये त्यांविषयी तोंड उघडता येत नव्हते, १९६९ मध्ये त्यांतले कोणते चालतील आणि कोणते नाहीत हे एकेक करून पारखता आले. दागिना कसोटीवर घासून पाहणाऱ्या वाचकाला हा फरक अधिक समजावून सांगायला नको. युद्धाच्या नावाने आलेले हे नियंत्रण अखेर १९९० साली रद्द झाले. तेव्हा चीन युद्धाला अठ्ठावीस वर्षे होत होती.

सुवर्णकारांना निदान मोर्चा काढता आला, त्यांच्या बाजूने बोलणारे खासदार होते. त्याच कायद्यांचा सर्वांत जड हात ज्यांच्यावर पडला, त्यांच्या वतीने बोलायला जवळजवळ कोणी नव्हते. तेही आपल्यासारखेच दुकानदार होते.

कलकत्ता, दार्जिलिंग, कालिंपोंग, शिलाँग आणि वरच्या आसामातील माकूम या गावांत चिनी वंशाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. आसामातील काहींचे पूर्वज चहाच्या मळ्यांवर कामाला आणलेले. कलकत्त्यात त्यांची चामडे कमावण्याची व जोड्यांची दुकाने, कोणाचा दवाखाना दातांचा, कोणी सुतार, कोणी खानावळ चालवणारा. मुंबईतही माझगावला त्यांची लहानशी वस्ती होती. तेथले त्यांचे देऊळ आजही उभे आहे. अनेकांच्या घरी आसामी वा बंगाली बोलली जाई, अनेकांच्या बायका येथल्याच. पुष्कळांनी चीन देश डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

युद्ध सुरू होताच निघालेल्या वटहुकमांनी आणि हुकमांनी ‘परकीय’ या शब्दाची व्याप्ती अशी वाढवली, की आजी-आजोबांपैकी एक जण कधी काळी चीनचा प्रजाजन असला तरी भारतात जन्मलेला नातू तीत सापडावा. नोव्हेंबर १९६२ मध्ये पोलीस माकूमच्या वस्तीत आले. थोडे कपडे, थोडे पैसे बरोबर घ्या, असे सांगून बाया, मुले, म्हातारे यांसह सर्वांना नेण्यात आले. आगगाडीतून सुमारे सात दिवसांचा प्रवास करून ती माणसे राजस्थानात देवलीला पोहोचली. सुमारे तीन हजार माणसे या रीतीने तेथील छावणीत ठेवली गेली. कोणावर आरोप ठेवला नाही, खटला चालवला नाही. १९६३ मध्ये चीनने पाठवलेल्या जहाजांतून दोन हजारांहून अधिक जण मद्रासमार्गे चीनला गेले. त्यांतल्या कित्येकांना तो देश सर्वस्वी अनोळखी होता. उरलेले हळूहळू सुटत गेले. छावणी १९६७ पर्यंत चालू होती. सुटून परतले त्यांच्यापैकी पुष्कळांना घरी कुलूप दिसले, किंवा घरात दुसरेच बिऱ्हाड. मालाचा आणि घराचा लिलाव होऊन गेला होता.

ही देवली नवी नव्हती. इंग्रजी अमलात, १९४१ साली, जयप्रकाश नारायण आणि श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे राजबंदी तेथेच डांबलेले होते. छावणी तीच राहिली, आत राहणारे बदलले.

या लोकांची कहाणी बरीच वर्षे कोणी सांगितली नाही. रीता चौधुरी यांनी २०१० साली ‘माकाम’ ही आसामी कादंबरी लिहिली, तेव्हा आसामातच अनेकांना आपल्या शेजारचे लोक कोठे गेले ते कळले. देवलीच्या छावणीतच जन्मलेल्या जॉय मा आणि मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा यांनी मिळून लिहिलेले ‘द देवलीवालाज’ हे इंग्रजी पुस्तक २०२० साली निघाले. बचावलेल्यांपैकी कित्येक जण आता कॅनडात स्थायिक आहेत. भारत सरकारने झाल्या गोष्टीविषयी निदान खेद व्यक्त करावा, एवढीच त्यांच्यातील पुष्कळांची मागणी आहे.

अमेरिकेने हेच पाप याहून मोठ्या प्रमाणावर केले होते. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर, १९४२ साली, जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून उचलून छावण्यांत ठेवले. त्यांतले सुमारे दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. दुकाने, शेते, मासेमारीच्या बोटी त्यांना काही दिवसांत मिळेल त्या किमतीला फुंकून टाकाव्या लागल्या. त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये या कृत्यावर शिक्कामोर्तब केले. परंतु १९८८ साली त्या देशाच्या संसदेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. आपल्याकडे देवलीसाठी असे काही झालेले नाही.

व्यापारी माणसाने देवलीकडे विशेष लक्ष का द्यावे, असे कोणी विचारील. आपल्या वाचकांपैकी अनेकांचे पूर्वज मारवाड, गुजरात, काठियावाड येथून निघून कृष्णाकाठच्या, गोदाकाठच्या एखाद्या खेड्यात पाल ठोकून बसले आणि तेथलेच झाले. परमुलखातील दुकान ओळखीवर चालते. आपली उधारी, आपला माल, आपले घर हे सारे शेजाऱ्याने आपल्याला गावचे मानले आहे, या एका गोष्टीवर टिकून असते. माकूमच्या दुकानदाराचीही गावात तशीच ओळख होती. शासनाच्या एका व्याख्येने ती एका दिवसात पुसली. तिनसुकियाच्या बाजारातल्या मारवाडी पेढ्या त्या आठवड्यात उघड्या होत्या, आणि शेजारची बंद.

शत्रूची म्हणून ताब्यात घेतलेली मालमत्ता सांभाळणारे एक खाते आपल्याकडे आहे. त्याचे एक कार्यालय मुंबईतच, बॅलार्ड इस्टेटमध्ये, कैसर-इ-हिंद इमारतीत आहे. १९६५ व १९७१ च्या युद्धांनंतर पाकिस्तानात गेलेल्यांच्या मालमत्ता तेथे आल्या, त्याबरोबर चिनी मालमत्ताही आल्या. युद्धे संपून अर्धशतक उलटले. खात्याचे काम अजून चालू आहे.

आता न्यायालयांकडे वळू. सप्टेंबर १९६३ मध्ये मखन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढे प्रश्न आला, की स्थानबद्धाला न्यायालयाचे दार खरोखरच बंद आहे का. बहुमताचा निकाल साताऱ्याचे सुपुत्र न्यायमूर्ती प्रल्हाद गजेंद्रगडकर यांनी लिहिला. तेच पुढे सरन्यायाधीश झाले. मूलभूत हक्कांच्या आधारे दाद मागता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. परंतु एक खिडकी उघडी ठेवली: अटक ज्या कायद्याखाली केली त्याच कायद्याच्या अटी पाळलेल्या नसतील, किंवा ती दुष्ट हेतूने केली असेल, तर आव्हान देता येईल. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी भिन्न मत नोंदवले. त्या वेळी ती खिडकी फारच लहान वाटली असणार. दोन वर्षांनी तीतूनच दोन माणसे बाहेर आली. एक शब्दशः, आणि दुसऱ्याचे निदान हस्तलिखित.

प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते. त्यांना महाराष्ट्र शासनाने मुंबईच्या जिल्हा तुरुंगात स्थानबद्ध केले होते. कोठडीत बसून त्यांनी मराठीत ‘अणूच्या अंतरंगात’ हे शास्त्रीय पुस्तक लिहिले. विषय मूलकणांचा; त्यात ना राजकारण, ना युद्ध. हस्तलिखित बाहेर पाठवून छापू द्यावे, एवढीच त्यांची विनंती होती. शासनाने ती नाकारली. उच्च न्यायालयाने परवानगी देण्याचा आदेश दिला, तर शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. युक्तिवाद असा: स्थानबद्धतेच्या अटींत ज्या सवलती नमूद आहेत तेवढ्याच कैद्याला मिळतात, आणि पुस्तक छापण्याची सवलत त्यांत नमूद नाही. न्यायालयाने ते मानले नाही. अटींचा आदेश स्वातंत्र्यावर निर्बंध घालतो. जो निर्बंध लिहिलेला नाही, तो लागू नाही, आणि कायद्याच्या आधाराशिवाय घातलेल्या निर्बंधाला आणीबाणीचे कवच मिळत नाही, असे न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी निकालात सांगितले.

हा निकाल ६ सप्टेंबर १९६५ चा. त्याच दिवशी भारतीय सेना लाहोरच्या रोखाने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून गेली. दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला, लढाई पेटलेली असताना, त्याच न्यायालयाने डॉ. राममनोहर लोहिया यांच्या सुटकेचा आदेश दिला. नियमात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ असा शब्द होता. पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने आदेशात ‘कायदा व सुव्यवस्था’ असे लिहिले होते. दोन्ही एकच की, असे शासनाचे म्हणणे. न्यायालय म्हणाले, एकच नव्हेत. प्रत्येक भांडणाने कायदा-सुव्यवस्था बिघडते, परंतु म्हणून अवघ्या समाजाचा तोल जात नाही. हुंडीतला एक शब्द चुकला तर ती सकारली जात नाही, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असते. एखाद्याला तुरुंगात ठेवण्याच्या कागदाला याहून ढिला नियम लावावा, असे शासनाला का वाटावे? युद्ध चालू असताना असे निकाल दिल्याने देशाचे काही बिघडले नाही. २३ सप्टेंबरला युद्धविराम झाला, तेव्हा संझगिरींचे हस्तलिखित आणि लोहियांची सुटका या दोहोंनी सीमेवर काही फरक पडल्याचे कोणीही म्हटले नाही.

आणीबाणी टिकली कशी, याचे उत्तर कायद्याच्या रचनेत होते. त्या काळच्या तरतुदीनुसार संसदेने उद्घोषणेला एकदा साध्या बहुमताने मान्यता दिली, की पुन्हा विचारण्याची गरज नसे. संपवण्याची तारीख कोठेच लिहिलेली नव्हती. जे हत्यार हाताशी आहे ते वापरले जाते. १९६४ च्या अखेरीस डाव्या कम्युनिस्टांना देशभर पकडले, ते याच नियमांखाली. मार्च १९६५ मध्ये केरळात निवडणूक झाली तेव्हा निवडून आलेल्यांपैकी बरेच जण तुरुंगात होते. ताश्कंद करारावर १० जानेवारी १९६६ रोजी सह्या झाल्या. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, आणीबाणी उठली. या दोन वर्षांत युद्ध नव्हते.

पुढे ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी हल्ल्यामुळे दुसरी आणीबाणी आली. लढाई १६ डिसेंबरला, तेरा दिवसांत, संपली. ही आणीबाणी उठली मार्च १९७७ मध्ये. १९७५ च्या जूनमध्ये अंतर्गत अशांततेच्या कारणाने जी आणीबाणी पुकारली, ती आधीच चालू असलेल्या युद्धकालीन आणीबाणीच्या वर ठेवलेली होती, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहात नाही. १९७६ मध्ये स्थानबद्धांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा गजेंद्रगडकरांनी उघडी ठेवलेली खिडकीही चार विरुद्ध एक मताने बंद झाली. विरोधी मत होते न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने पुष्कळ गोष्टी बदलल्या. आता उद्घोषणेला मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला लागतो, एका महिन्याच्या आत संसदेची विशेष बहुमताने मान्यता लागते, आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी लागते. २० व्या आणि २१ व्या कलमासाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार कोणत्याही आणीबाणीत स्थगित करता येत नाही. याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मात्र मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून टाकला. तो आता साधा घटनात्मक हक्क म्हणून ३०० क या कलमात आहे.

आणि १९ वे कलम? युद्धाच्या वा परकीय आक्रमणाच्या कारणाने आणीबाणी आली, तर ते आजही आपोआप बाजूस होते. फरक इतकाच, की आता आणीबाणीशी आपला संबंध असल्याचे जो कायदा स्वतःच्या तोंडाने नमूद करील, त्यालाच संरक्षण मिळते. बाकीच्यांना १९ व्या कलमाच्या कसोटीला उतरावे लागते. व्यवसाय आणि व्यापार यांचे स्वातंत्र्य त्याच कलमात, (छ) या उपखंडात, १९६२ साली होते तेथेच आहे.